लाल चड्डीचा सुपरमॅन

जुलैत धुळ्याला गेले होते, तेव्हा भावाच्या दोन्ही पोरांना घेऊन नवा सुपरमॅन बघून आले. बाहेर पाऊस नुसता येतो-येतो म्हणत होता आणि जीव घुसमटेल इतकं उकडत होतं. आत एसी, त्यामुळे अर्धं थिएटर पिक्चरसाठी आणि अर्धं गारव्यासाठी आल्यासारखं सैलावून बसलेलं. सुरुवातीलाच सुपरमॅन बर्फात रक्तबंबाळ होऊन पडतो आणि शीळ घालून आपल्या कुत्र्याला बोलावतो. ते पांढरं, केसाळ, लाल केप घातलेलं क्रिप्टो येतं ते मदत करायच्या आधी मोडलेल्या हाडांच्या मालकाच्या अंगावर उड्याच मारायला लागतं. धाकटा इतका हसला की खुर्चीवरून घसरून माझ्या पायांशी आला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मागे वळून बघितलं आणि त्याच्याकडे बघून तेही हसायला लागले.

संध्याकाळी ओट्यावर थोरल्याचे मित्र जमले. थोरला आता बारावीला. विषय अर्थातच पिक्चर. "सुपरमॅनच्या पिक्चरमध्ये कुत्र्याचं काय काम भो? क्रिंज आहे सगळं," थोरला म्हणाला. दुसऱ्याचं म्हणणं, २०१३ चा सुपरमॅन खरा, त्यात वजन होतं. तिसरा उसळला, "कसलं वजन? अडीच तास नुसता राखाडी रंग, तो गडी एकदा धड हसत नाही आणि शेवटी खलनायक झोडची मान मोडतो. सुपरमॅन मान मोडतो का?" आवाज चढले. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून बघितलं आणि भांडण कशावरून आहे ते कळल्यावर परत लावून घेतली. मला मजा येत होती. म्हणून मी पायरीवर बसलेल्या धाकट्याला विचारलं, "तुला आवडला ना रे?" त्याने आधी थोरल्याकडे बघितलं. मग खांदे उडवून म्हणाला, "ठीक होता, फुई. लहान मुलांचा आहे."

तो सहावीत आहे.

पोरांची भांडणं संपली, जेवणं झाली, शेवभाजीच्या तिखटाने सगळ्यांची नाकं वाहिली, तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पिक्चर न आवडणं वेगळं. आपण पोट धरून हसलो होतो हे चार तासांत पुसून टाकणं वेगळं. पुसायला कुणी सांगितलंही नव्हतं, थोरल्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघणं पुरलं. आणि थोरला काही दुष्ट नाही. त्याची बाजू मी त्या रात्री गच्चीवर नीट ऐकून घेतली, आणि ती पक्की आहे. "फुई, ते कुत्रं आलं की कळतं, आता कोणी मरणार नाही. आणि कोणी मरणारच नसेल तर त्याच्या शूरपणाला अर्थ काय?" मला याचं उत्तर पटकन देता आलं नाही. पण त्याच गच्चीवर पाण्याची टाकी बघायला आलेला माझा भाऊ जाताजाता त्याला म्हणाला, "बारावीचं वर्ष आहे आणि साहेबांची कार्टूनं अजून चालूच." थोरल्याने मोबाइल पालथा ठेवला. तेव्हा मला ती साखळी दिसली. बापाने थोरल्याला लाजवायचं, थोरल्याने धाकट्याला.

या वादाचा अमेरिकेतला इतिहास वाचताना मला हीच साखळी दिसत राहते. सुपरमॅन १९३८ साली आला तेव्हा तो गमतीचाही नव्हता आणि अंधारलेलाही नव्हता. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन पोरसवदा मित्रांनी सर्कशीतल्या पैलवानाचा पोशाख त्याच्या अंगावर चढवला आणि त्याला कामाला लावलं. निरपराध बाईची फाशी थांबव, खाणमालकाला त्याच्याच खाणीत कोंडून मजुरांचे हाल दाखव, असली कामं. मग १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना बिघडवतात असं पुस्तकच लिहिलं, सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच अशी नियमावली लादून घेतली की नायकांची गोडगोड बाहुली झाली. पुढे १९६६ मध्ये ॲडम वेस्टचा बॅटमॅन टीव्हीवर आला. ठोसा मारला की पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत आवाज उमटायचा, खलनायकाच्या अड्ड्यात कॅमेरा तिरका व्हायचा. लोक हसले, मालिका तुफान चालली, आणि कॉमिक्स जिवापाड जपणारी काही पोरं मनातून दुखावली. आपलं दैवत सगळा देश मिळून हसण्यावारी नेतोय असं त्यांना वाटलं. ही पोरं मोठी झाली. १९८६ मध्ये फ्रँक मिलरने कॉमिक्समध्ये म्हातारा, कडवट बॅटमॅन काढला. त्याच वर्षी ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी मुखवटे घालणारी माणसं आतून किती पोखरलेली असू शकतात हे दाखवायला सुरुवात केली. गंभीरपणा असा मागून, भांडून घेतलेला आहे. 'आम्ही जे वाचतो ते पोरकट नाही' हे त्या पिढीला बापाला पटवून द्यायचं होतं. आमच्या थोरल्याला पालथ्या मोबाइलमागून हेच सांगायचं असतं.

म्हणून त्याच्यावर राग येत नाही. पण ॲडम वेस्टचं मला वेगळंच दिसतं. १९६६ च्या पिक्चरमध्ये बॅटमॅन पेटलेली वात असलेला काळा गोल बॉम्ब डोक्यावर धरून धक्क्यावर धावतो. टाकायला जागा मिळत नाही. इकडे नन्स, तिकडे बाबागाडी घेऊन आई, पलीकडे बँडवाले, होडीत प्रेमी युगुल, पाण्यात बदकाची पिल्लं. मी हे जेव्हा जेव्हा बघते तेव्हा हसून बेजार होते. मात्र तो माणूस एकदाही कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारत नाही. बदकाची पिल्लं वाचवणं हे त्याच्यासाठी शहर वाचवण्याइतकंच काम आहे. दृश्य गमतीचं आहे, बॅटमॅन नाही. २०१७ मध्ये वेस्ट वारला तेव्हा लॉस एंजेलिसने आपल्या सिटी हॉलच्या उंच भिंतीवर वटवाघळाची ती खूण प्रकाशात उमटवली आणि माणसं खाली गर्दी करून उभी राहिली. त्यात पन्नास वर्षांपूर्वी त्याच्यावर हसलेलेच बरेच असणार.

आम्हाला वेस्ट कुठून माहीत असणार? आमचा होता शक्तिमान. १९९७ पासून दूरदर्शनवर. रविवारी दुपारी गल्लीतल्या ज्या घरचा टीव्ही चांगला त्या घरात पोरं दाटीवाटीने बसायची. बाहेर धुळ्याचं ऊन, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, कुणाच्या तरी हातात मिठाचे फुटाणे. ऐन वेळेला लाईट जायची. कूलरचा पंखा गुरगुरत थांबायचा, आणि पुढच्या क्षणाला सगळ्या घरांतून एकदम आरोळी उठायची, "अंधेरा कायम रहे!" मालिकेतल्या खलनायकाचं, किल्विशचं ते वाक्य वीज मंडळाच्या नावाने ओरडण्यात काय समाधान होतं ते लोडशेडिंग भोगलेल्यालाच कळेल. लाईट आली की परत शांत. त्या मालिकेतले स्पेशल इफेक्ट्स आज बघितले तर तारा दिसतात. तारा तेव्हाही दिसत होत्या, आम्ही आंधळे नव्हतो. पण मुकेश खन्ना हा माणूस काही वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या महाभारतात भीष्म होता, आणि त्याने शक्तिमानचं बोलणं भीष्माच्याच आवाजात केलं. सोनेरी छापाच्या मरून कपड्यात उभं राहून तो दात घासण्याबद्दल सांगायचा आणि शरपंजरीवरून राजधर्म सांगत असल्यासारखा सांगायचा. तोच माणूस पुढचे दात बाहेर काढून गंगाधर, म्हणजे शक्तिमानचं लपायचं बावळट रूप, व्हायचा तेव्हा आमची मुरकुंडी वळायची. हसणं आणि ऐकणं यांच्यात पोरांना शिवण दिसत नव्हती.

ख्रिस्तोफर रीव्हचा १९७८ चा सुपरमॅन मी खूप उशिरा पाहिला, आणि त्यात मला आमचा गंगाधर सापडला. ओळख लपवून क्लार्क नावाचा बावळट पत्रकार झालेला सुपरमॅन त्याच्या आवडत्या लोइसच्या घरात उभा आहे, ती आतल्या खोलीत गेली आहे, आणि त्याच्या मनात येतं, सांगून टाकावं. चष्मा काढतो. पाठ सरळ होते, खांदे उघडतात, आवाज खाली उतरतो, त्याच कोटात वीतभर उंच झाल्यासारखा दिसतो. मग धीर होत नाही. चष्मा परत नाकावर, खांदे परत पडलेले. तांत्रिक करामत शून्य, नुसता एका नटाचा पाठीचा कणा. असं करायला पोशाखाची लाज वाटून चालत नाही. १९९७ मधला बॅटमॅनचा पिक्चर मला याचसाठी सहन होत नाही. रंग वेस्टपेक्षा भडक, विनोद त्याहून जास्त, आणि बॅटमॅन चक्क क्रेडिट कार्ड काढतो. तिथे सगळेच प्रेक्षकाला कोपराने ढोसत असतात, की बघा, आम्हालाही हे खरं वाटत नाही. त्याच्यानंतर पुढचा बॅटमॅन यायला २००५ उजाडलं, आणि दिग्दर्शक जोएल शूमाखरने चाहत्यांची माफी मागितली. मला वाटतं त्या पिक्चरच्या धसक्यानेच पुढची वीस वर्षं पडद्यावर इतका अंधार राहिला.

माझं आजोळ साक्री तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे भोवाडा, म्हणजे देव-राक्षसांच्या सोंगांचा खेळ, असायचा. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना मोबाइलवरच्या व्हिडिओतून तो कळायचा नाही, कारण त्यात संबळ छातीत वाजत नाही. रात्र चढली की गावाच्या मधल्या मोकळ्या जागेत सोंगं यायला लागायची. आधी गणपती, मग मोरावरची सारजा म्हणजे सरस्वती, मग एकेक देव, एकेक राक्षस. मुखवटे डोक्याच्या दुप्पट मोठे, ऑईलपेंटने रंगवलेले, त्या पेंटचा, रॉकेलचा आणि उडणाऱ्या धुळीचा मिळून एक वास. पिपाणी कानाला भोकं पाडायची. मुखवट्याखाली रोजचेच पाय दिसायचे, भेगाळलेले, एखाद्याच्या पायात स्लीपरही. नरसिंहाचं सोंग घेणारा माणूस दिवसा पिठाची गिरणी चालवायचा. सकाळीच मी त्याच्याकडून दळण आणलेलं असायचं, त्याच्या भुवयांवर पीठ असायचं. रात्री तोच असा उसळायचा की कमरेला उपरणं बांधून दोघा-तिघांना त्याला मागे खेचून धरावं लागायचं. एका वर्षी रावणाची एका बाजूची डोकी सुटून लोंबायला लागली आणि रावण एका हाताने ती सावरत दुसऱ्या हाताने तलवार फिरवत नाचत राहिला. सगळा गाव हसला. मीही हसले आणि मग देवाच्या खेळात हसलो म्हणून घाबरून ओढणी तोंडावर घेतली. शेजारी आजी बसली होती. म्हणाली, "हासनं व्हई ते हास ना पोरी, तोंड कसाले झाकस?" आणि थोड्या वेळाने नरसिंह समोर आला तेव्हा तिनेच माझं डोकं धरून खाली वाकवलं. "आते पाया पड."

एकाच रात्री, एकाच जागेवर, एकाच बाईने दोन्ही सांगितलं, आणि तिला त्यात काही समजावून सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही.

इतकं लिहून मी गमतीच्या पिक्चरांची वकिली करतेय असं वाटेल. पण २००८ सालाबद्दल बोलायचं तर मला थोरल्याच्या बाजूला जाऊन बसावं लागतं. त्या जुलैत मी पुण्यात शिकत होते आणि नोलनचा दुसरा बॅटमॅन तिथे पाहिला. हीथ लेजरचा जोकर सगळ्यांच्या तोंडी होता. तो पिक्चर यायच्या आधीच गेलेल्या त्या नटाला पुढच्या वर्षी ऑस्करही मिळालं. पण माझ्या मनात राहिल्या त्या दोन बोटी. एका बोटीत साधे नागरिक, दुसरीत कैदी. दोन्हींत स्फोटकं, आणि प्रत्येक बोटीच्या हातात दुसरीला उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबलं नाही तर दोन्ही उडणार. नागरिकांच्या बोटीवर मतदान होतं. बहुमत म्हणतं, दाबा. मग एक सूटबूटवाला उठतो, मी दाबतो म्हणतो, बटण हातात घेतो, आणि हात पुढे जात नाही. तिकडे एक धिप्पाड कैदी बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. जुलैत हे मला पटकथेची हुशारी वाटली होती. सप्टेंबरच्या २९ तारखेला मालेगावात स्फोट झाला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात धुळ्यात दंगल पेटली, संचारबंदी लागली. मी पुण्यातून फोन लावायचे आणि आई स्वतःच्या घरात, दारं-खिडक्या बंद असताना, कुजबुजत बोलायची. दूध आलं नाही. गच्चीवर जायचं नाही. पलीकडच्या गल्लीत काय चाललंय ते माहीत नाही, नुसता धूर दिसतो. तिचा तो कुजबुजता आवाज ऐकला की मला त्या बोटी आठवायच्या. पलीकडच्या बोटीतले काय करतील या भीतीने आपलं बोट बटणाकडे जातं, हे इतकं स्वच्छ मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं. कुत्र्याच्या आणि रंगीत ठोशांच्या पिक्चरला हे पेललं नसतं, हे मी थोरल्याला तिथल्या तिथे कबूल केलं. मात्र त्या अंधाऱ्या पिक्चरमध्येसुद्धा बोटी उडत नाहीत, हेही त्याला दाखवून दिलं. आतून सगळी माणसं वाईटच असतात असं मानून काढलेला तो पिक्चर नाही. त्याची नक्कल करणाऱ्या पुढच्या कितीतरी पिक्चरांनी पाऊस उचलला, घोगरा आवाज उचलला आणि ते न दाबलेलं बटण तिथेच सोडून दिलं.

आणि नेमक्या त्याच काळात, आमच्यापासून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटरवर, एक सुपरमॅन उडायच्या तयारीत होता. मालेगाव नकाशात नाशिक जिल्ह्यात असलं तरी त्या गावातून निघालेल्या हसवणाऱ्या पिक्चरांना सगळे खानदेशी म्हणूनच ओळखतात, आणि ते बरोबर आहे. एसटी मालेगावात शिरली की खिडकीतून यंत्रमागांची खडखड आत यायची, बोलणं ऐकू येईना म्हणून बसमधली माणसं आपोआप गप्प व्हायची. हे माग शुक्रवारी बंद. त्या दिवशी मागावरचा कामगार पिक्चर बघणार, आणि शेख नासिरसारखा व्हिडिओ पार्लर चालवलेला माणूस स्वतःच पिक्चर काढणार. नासिर आणि मित्रांनी मालेगावचा सुपरमॅन काढायचं ठरवलं, आणि तो काढतानाचा माहितीपट फैझा अहमद खान यांनी केला. बैलगाडीचा उपयोग करून कॅमेरा उंचावर न्यायचा, हिरवं कापड ताणून सुपरमॅनला त्याच्यापुढे आडवा धरायचा आणि आकाश नंतर संगणकावर आणायचं. सुपरमॅन झाला होता शफीक शेख, मागावर काम करणारा, इतका काटकुळा की केप त्याला ओढून नेईल असं वाटावं. चड्डीचा नाडा बाहेर लोंबतोय. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्न झालं, आणि तो पुन्हा उडायला हजर.

हा माहितीपट २०१२ मध्ये थिएटरात लागला तेव्हा मी पुण्यात पाहिला. थिएटर भरलं नव्हतं, पण हसत मात्र खूप होतं. मला त्या हसण्याने अस्वस्थ केलं, आणि का ते कळायला वेळ लागला, कारण मीही हसत होते. माझ्या मागच्या रांगेतली मुलगी दर दोन मिनिटांनी मैत्रिणीला म्हणायची, "सो क्यूट ना?" शफीकच्या बरगड्या क्यूट, नाडा क्यूट, नासिरचं उर्दू क्यूट. माहितीपटात मालेगावची माणसंही हसतात, पण त्यांना त्या नाड्यामागचा माणूस माहीत आहे, त्याची पाळी किती वाजता सुटते ते माहीत आहे. ओट्यावरचा वाद गमतीचे विरुद्ध गंभीर असा चालतो, त्यात हे तिसरे लोक कधी येत नाहीत, आणि मला खरं भांडायचं आहे ते त्यांच्याशी. वाईट आहे म्हणून मस्त आहे, असं म्हणत पिक्चर बघणारे. ते वरून बघतात. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅगने १९६४ सालीच या आवडीवर लिहिताना म्हणून ठेवलं होतं की यातलं अस्सल जे असतं ते करणारा पूर्ण गांभीर्याने करत असतो. शफीककडे बघून मला ते अक्षरशः पटलं. हिरव्या कापडासमोर हात पुढे करून आडवा झालेला तो माणूस क्यूट होण्यासाठी आडवा झाला नव्हता. तो उडत होता.

सॅम रायमीचा दुसरा स्पायडरमॅन, २००४ चा, मला या सगळ्या जमावात सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्याने माझ्या आजीसारखं दोन्ही एकत्र चालवलं. मुखवट्यामागच्या पीटर पार्करची मध्येच अशी हास्यास्पद फजिती चालते की कुणालाही तो पिक्चर विनोदी वाटावा. आणि मग ती आगगाडी. दोन्ही बाजूंना जाळी फेकून तो ती छातीने थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. मुखवटा आधीच गेलेला. प्रवासी त्याला अलगद डोक्यावरून हातोहात आत घेतात, खाली ठेवतात, आणि त्यांना दिसतं की हे तर पोरगं आहे. दोन लहान मुलं त्याचा मुखवटा परत आणून देतात, कुणाला सांगणार नाही म्हणतात. हे दृश्य लागलं की मी बोलत नाही, फोन उचलत नाही. नव्या सुपरमॅनची लाल चड्डीही मला अशीच मोलाची वाटते. २०११ मध्ये कॉमिक्समधून ती गेली होती, २०१३ च्या पडद्यावर नव्हती, कारण गंभीर माणूस कपड्यांवरून चड्डी घालत नाही. आता ती परत आली, आणि त्याचं कारण दिग्दर्शक जेम्स गनने सांगितलं ते असं, की सुपरमॅन झालेल्या डेव्हिड कोरेन्स्वेटचं म्हणणं पडलं, एवढी ताकद अंगात असलेल्या परक्या जीवाला बघून लहान मुलं घाबरतील, त्यांना भीती वाटू नये असा वेश हवा. बलवान माणसाने पोरांसाठी जाणूनबुजून हास्यास्पद दिसायचं कबूल करणं. थोरल्याने शूरपणाबद्दल विचारलं होतं, तर माझ्या लेखी हा शूरपणाच आहे, आणि मी त्याला तसं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हा पॉइंट बरोबर आहे, पण कुत्रं तरी काढायला पाहिजे होतं." वाद चालू आहे.

शफीकबद्दल एक सांगायचं राहिलं. मालेगावच्या त्या सुपरमॅनचा शत्रू कुणी परग्रहावरचा सेनापती नव्हता. तंबाखूचा धंदा करून गावाला आजारी पाडणारा खलनायक त्यांनी घेतला होता, कारण शत्रू म्हणून त्यांना रोज दिसणारी तीच गोष्ट होती. आणि शफीक स्वतः पुढे काही वर्षांतच तोंडाच्या कॅन्सरने गेला, तरुण वयात. रीमा कागती यांनी २०२५ मध्ये या मंडळींवर मोठा हिंदी पिक्चर काढला, त्यात शशांक अरोराने शफीक केलाय, आणि फार जीव लावून केलाय. पण तो बघून घरी आल्यावर मला खरा शफीक बघावासा वाटला, म्हणून माहितीपट पुन्हा लावला. आता सगळं माहीत होतं. हा माणूस कशाने जाणार ते माहीत, तो पडद्यावर कुणाशी लढतोय ते माहीत, मधे त्याचं लग्न आहे ते माहीत. तरी तो आडवा झाला, केप फडफडली, नाडा लोंबला, आणि मला हसू फुटलं. खूप मोठ्याने. मी तोंड झाकलं नाही.